मैत्रिणीने दाखवलेले पुणे

आमच्या निरवांगीची बाई पुण्याला जाते ती तीनच कारणांनी. एक दवाखाना, दुसरे कोर्टकचेरीचे काम आणि तिसरे कुणाची मयत. पुणे बघायला म्हणून कोणी जात नाही. माझे वय आज पंचेचाळीस आहे. एवढ्या वर्षांत मी पाच-सहा वेळा पुण्याला गेले असेन. पण मला माहीत असलेले पुणे म्हणजे स्वारगेटचा एसटी स्टँड, तेथून दवाखान्यापर्यंतची रिक्षा आणि परतीची गाडी. बाकीचे शहर मी गाडीच्या काचेतूनच पाहिलेले.

निरवांगी हे इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी वसलेले आमचे गाव. पलीकडचा काठ माळशिरस तालुक्याचा, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा. गावात नंदिकेश्वराचे जुने मंदिर आहे, शिवारात ऊस आहे आणि ज्यांना शिवार नाही त्यांच्या हातात दुसऱ्याच्या उसातले खुरपे आहे. मी गावात अंगणवाडीत काम करते. माझे मालक बारमाही मजुरीला जातात.

माझी मुलगी बारावी झाली. कायद्याच्या प्रवेश परीक्षेत तिला बरे गुण मिळाले आणि पुण्याच्या कॉलेजात नंबर लागेल असे तिच्या सरांनी सांगितले. घरात मात्र आनंदाऐवजी शांतता पसरली. सासूबाई म्हणाल्या, "बारामती काय कमी हाय का? रोज येऊन-जाऊन शिकू दे." मालक काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा नकार असतो हे मला वीस वर्षांच्या संसारात कळले आहे. आणि खरे सांगायचे तर माझाही धीर होत नव्हता. जे शहर मलाच ठाऊक नाही तेथे लेकीला कशी सोडू?

तेव्हा मला माझ्या मैत्रिणीची आठवण झाली. आम्ही दोघी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे तिची शाळा सुटली, लग्न झाले आणि ती पुण्याला दांडेकर पुलाच्या वस्तीत नांदायला गेली. आज ती चार घरची धुणीभांडी करते. मी तिला फोन केला. ती एवढेच म्हणाली, "पोरीला घेऊन ये. एक दिवस मला दे. मग काय ठरवायचं ते ठरव."

पर्वतीच्या पायऱ्या

एसटीत २०२३ सालापासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आम्हां मायलेकींचे मिळून एकच तिकीट झाले. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोचलो. तिची खोली दहा बाय बाराची. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली भांड्यांची मांडणी. आम्ही पाच माणसे त्या खोलीत झोपलो आणि कोणालाही अडचण वाटली नाही.

पहाटे साडेपाचला तिने आम्हांला उठवले. चारी घरी तिने आधीच सुट्टी सांगून ठेवली होती. "सुट्टी मागायला पहिल्यांदा जीभ रेटत नव्हती," ती सांगू लागली. "मग जुन्या बायांनी सांगितलं, १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. तेव्हा कुठं आपल्याला माणसात धरू लागले." हा संप मला ठाऊक नव्हता. शहराची पहिली माहिती मला अशी चुलीपाशीच मिळाली.

उजाडता उजाडता आम्ही पर्वती चढलो. एकशे तीन पायऱ्या आहेत. आम्ही काही देवदर्शनाला निघालो नव्हतो. मुलगी म्हणाली, "मावशी, मग इथं कशाला?" मैत्रीण म्हणाली, "आधी चढ, मग सांगते."

अर्ध्या वाटेवर दम खायला बसलो तेव्हा तिने सांगितले. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी याच टेकडीवर आपल्या माणसांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्यात पुढे होते. सत्याग्रहींवर दगडांचा मारा झाला, माणसे जखमी झाली, पण मंदिराचे दार काही त्या दिवशी उघडले नाही. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला तो त्यानंतर काही महिन्यांनी, २ मार्च १९३० रोजी. म्हणजे नाशिकच्या आधी पुण्याने हा घाव सोसला होता. आज त्याच पायऱ्यांवर म्हातारी माणसे सकाळचा व्यायाम करतात, पोरे पळत वर जातात. कोणी कोणाला जात विचारत नाही. आम्ही बसलो होतो ती पायरी मी हाताने चाचपून पाहिली.

वर गेल्यावर सारे शहर पायाशी आले. मैत्रिणीने बोट दाखवून मुलीला सांगितले, "ते सारसबागेचं हिरवं. त्याच्या पलीकडं स्वारगेट. तिकडं लांब सिंहगड. ह्या अंगाला पेठा. वाट चुकलीस तर घाबरायचं नाही. मान वर करायची, पर्वती कुठल्या हाताला आहे बघायचं, म्हणजे आपण कुठं आहोत ते कळतं."

हे ती कोठे शिकली, असे मी विचारले. ती हसली. लग्न होऊन आली तेव्हा तीन महिने ती गल्लीबाहेर पडली नव्हती. पुढे कामासाठी पडावेच लागले. "मला कोणी शहर दाखवलं नाही. भांडी घासत घासत शिकले. म्हणून म्हणते, हिला तरी कोणी दाखवू दे."

फुले वाड्यात

खाली उतरून अमृततुल्यमध्ये चहा घेतला आणि स्वारगेटवरून चालतच गंज पेठेत गेलो. आता त्या भागाला महात्मा फुले पेठ म्हणतात. मैत्रिणीचा नियम असा, की जेवढे चालता येईल तेवढे चालायचे. "रिक्षातून बघितलं तर रिक्षावाल्यालाच शहर कळतं, आपल्याला नाही," असे तिचे म्हणणे.

महात्मा जोतिराव फुले यांचा वाडा बघून मी चकित झाले. बाबासाहेबांनी ज्यांना आपल्या तीन गुरूंत मानले त्यांचा वाडा केवढा मोठा असेल असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तो कौलारू, बुटक्या ओट्याचा, आपल्या गावाकडच्या घरासारखा वाटणारा निघाला. याच घरी २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिरावांचे निधन झाले. मुलीने पाठ्यपुस्तकात वाचलेली पुष्कळ वाक्ये तिला तेथे आठवत होती. माझे लक्ष मात्र पाण्याच्या हौदाकडे होते.

१८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आजच्या पिढीला यात काय विशेष असे वाटेल. पण माझी आजी सांगत असे, की तिच्या लहानपणी आपल्या वस्तीची पाण्याची जागा वेगळी होती आणि ती आटली की वरच्या बाईने ओंजळीत ओतेल तेवढेच पाणी. ज्या शहरात पेशवाईत आपल्या माणसांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरायचे, त्याच शहरात पन्नास वर्षांनी एका माणसाने आपल्या अंगणातले पाणी खुले केले. मी तेथे थोडा वेळ उभी राहिले. लेकीने विचारले, "आई, काय झालं?" मी म्हटले, "काही नाही, तुझ्या पणजीची आठवण झाली."

लहुजी वस्ताद साळवे यांची तालीमही याच पेठेत. जोतिराव तेथे दांडपट्टा शिकले. जोतिराव नुसते पुस्तकी पंडित नव्हते, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांची कंत्राटे त्यांनी घेतली होती. उन्हात राबणारा मजूर त्यांनी जवळून पाहिला होता.

दुपारचे जेवण आम्ही लवकरच उरकले, तेही 'कष्टाची भाकर' केंद्रात. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली हे काम सुरू केले. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात ताजे, पोटभर अन्न मिळावे हा त्यामागचा हेतू. झुणका, भाकरी आणि कांदा. 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळही बाबा आढावांचीच. हौद बघून आलेल्या आम्हांला त्या भाकरीची चव निराळीच लागली. मुलीच्या डोक्यातही हिशेब चालू होता. ती म्हणाली, "आई, इथं जेवलं तर महिन्याचं बसेल गं." माझ्या जिवावरचा एक दगड तेथे हलका झाला.

मंडई ते भिडे वाडा

तेथून पेठांतल्या गल्ल्यांतून मंडईकडे निघालो. पुण्यात रस्ता ओलांडणे म्हणजे नीरेच्या पुरात उतरण्यासारखे आहे. मैत्रीण पुढे, मधे मी, मागे मुलगी. तिने एक युक्ती सांगितली: धावायचे नाही, थबकायचे नाही, एका चालीने जायचे.

महात्मा फुले मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ साली बांधून झाली. तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. गंमत अशी, की जोतिराव पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा मंडईवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे मात्र त्याच मंडईला त्यांचेच नाव मिळाले. मैत्रीण म्हणाली, "मी रोज इथली भाजी घेते, पण हे मला माझ्या मुलानं सांगितलं तेव्हा कळलं."

मंडईपासून चार पावलांवर बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा उघडली ती येथे. जुना वाडा पार मोडकळीस आला होता. अनेक वर्षांच्या न्यायालयीन वादानंतर, राष्ट्रीय स्मारक करण्यासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. समोर दगडूशेठ गणपतीपुढे दर्शनाची रांग आणि इकडे ही जागा. आम्ही तिघींनी उभ्यानेच हात जोडले.

सावित्रीबाई याच पेठांतून चालत शाळेला जात. अंगावर शेण, चिखल फेकला जाई म्हणून जास्तीचे लुगडे बरोबर नेत. अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या त्या. माझी लेक आज अठरा वर्षांची आहे. हे गणित मनात आले आणि मी एकदम गप्प झाले. मी कशाला भीत होते? गर्दीला? मेट्रोला? वसतिगृहातल्या अनोळखी मुलींना?

फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. म्हणजे या शहराने आपल्या मुलीच्या हातात पावणेदोनशे वर्षांपूर्वी लेखणी आलेली पाहिली आहे. आपण मात्र अजून "पुणे लांब आहे" म्हणतो.

पुढे अप्पा बळवंत चौकात गेलो. पुस्तकांचा एवढा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. जुनी पुस्तके निम्म्या किमतीत मिळतात. मुलीने भारतीय संविधानाची मराठी प्रत आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला. पैसे मी दिले, पिशवी मैत्रिणीने धरली.

"आता तू आम्हांला ने"

खरी परीक्षा पुढे होती. कसबा पेठेच्या मेट्रो स्टेशनापाशी मैत्रीण थांबली आणि मुलीला म्हणाली, "सकाळपासून मी नेलं. आता सेनापती बापट रस्त्यावर बाबासाहेबांचं संग्रहालय आहे, तिथं तू आम्हांला ने. मी तोंड उघडणार नाही."

मेट्रोचा सरकता जिना पाहून माझे पाय लटपटले. मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, पाय ठेव, खाली बघू नको." लहानपणी तिला ओढ्यातून पलीकडे नेताना मी हेच म्हणत असे.

जिल्हा न्यायालय स्टेशनावर गाडी बदलायची होती. जमिनीच्या खोल पोटातून जिन्यामागून जिने चढत आम्ही थेट वरच्या फलाटावर आलो. गाडी आली, मुलगी चढली, मागोमाग आम्ही. गाडी सुटली आणि पुढचे स्टेशन लागले मंगळवार पेठ. मुलीचा चेहरा उतरला. आम्हांला वनाझच्या बाजूला जायचे होते आणि गाडी निघाली होती रामवाडीकडे. मी मैत्रिणीकडे पाहिले. तिला हे चढतानाच ठाऊक होते. ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. पण ती रडली नाही. तिने दारावरचा नकाशा वाचला, पुढच्या स्टेशनावर आम्हांला उतरवले, तेथल्या कर्मचारी ताईंना विचारले आणि समोरच्या फलाटावर उभे केले. सारे मिळून दहा मिनिटे गेली. मग मैत्रीण बोलली, "हीच गाडी पुढं येरवड्याला जाते. तिथल्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. चुकून का होईना, तू त्या वाटेला लागली होतीस. आज आम्ही बरोबर असताना चुकलीस हे बरं झालं. उद्या एकटी चुकलीस तर काय करायचं ते आता तुला माहीत आहे."

डेक्कनला उतरून पुढे रिक्षा केली, तीही मुलीनेच, मीटर टाकायला सांगून.

सिंबायोसिस संस्थेचे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय १९९६ साली खुले झाले. माईसाहेब आंबेडकरांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू संस्थेकडे दिल्या. त्यांचे कपडे, भांडी, व्हायोलिन, शेवटच्या रात्रीचा पलंग, मरणोत्तर मिळालेले भारतरत्न, सारे येथे जपून ठेवले आहे. आपण बाबासाहेबांना पुतळ्यात पाहतो, हात उंचावलेले. येथे ते घरातल्या माणसासारखे भेटतात. व्हायोलिन बघून मैत्रीण हळूच म्हणाली, "एवढ्या कामात त्यांनी हेही शिकून घेतलं होतं." पलंगापाशी आम्ही तिघी काही बोललो नाही.

हिशेब

रात्री खोलीत भाकऱ्या थापताना मैत्रिणीने पुढची कामे मुलीच्या वहीत लिहून दिली. आधी समाजकल्याण खात्याच्या मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज करायचा. तेथे जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना बाहेर राहून शिकता यावे म्हणून ही योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. अटींत बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खात्यात भोजन, निवास व निर्वाहाची रक्कम जमा होते. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला ही कागदपत्रे आतापासूनच तयार ठेवायची. शेवटची ओळ तिने अशी सांगितली: "दर रविवारी मावशीकडे जेवायला यायचे."

मी दिवसाचा खर्च मांडला. पुस्तके सोडून तिघींचा सारा खर्च पाचशेच्या आत आला. मी मैत्रिणीच्या हातात शंभराच्या दोन नोटा ठेवू लागले तर ती रागावली. "चार घरची सुट्टी बुडवून मी पैशासाठी फिरले का? सातवीत माझी पाटी फुटली तेव्हा तू तुझी अर्धी पाटी मला लिहायला दिली होतीस. विसरलीस?"

मी खरोखरच विसरले होते.

घरी परतल्यावर सासूबाईंनी विचारले, "काय बघितलं एवढं पुण्यात?" मी हौदाचे सांगितले, भाकरीचे सांगितले, मेट्रो चुकल्याचेही सांगितले. मालक ऐकत होते. लेकीने चुकून परत वाट कशी काढली ते ऐकल्यावर ते प्रथमच बोलले, "दाखले काढायला उद्या इंदापूरला जाऊ." एवढेच. पण त्यांच्या तोंडून निघाले म्हणजे पक्के.

आज मुलगी पुण्यात शिकत आहे. वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव उशिरा लागले, तोवर दीड महिना ती मावशीच्या खोलीत राहिली. रविवारचे जेवण अजून चालू आहे.

शहरात राहणाऱ्या बंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. तुमचे घर लहान असेल, कामावरून सुट्टी मिळणे अवघड असेल. तरी गावाकडचे एखादे मूल शिकायला यायचे म्हणत असेल तर त्याला वर्षातला एक दिवस द्या. देणगी नको, भाषण नको. बस कोठे थांबते, भाकरी कोठे स्वस्त मिळते, वाट चुकली तर कोणाला विचारायचे, एवढे दाखवा. आणि गावाकडच्या आईबापांनो, शहराची भीती वाटत असेल तर मुलांना अडवू नका. एक दिवस त्यांच्याबरोबर जा आणि शहर आपल्या पायांनी बघून या.

जयभीम.

— एक अंगणवाडी सेविका, निरवांगी (ता. इंदापूर)